तिसऱ्यांची तपासणी

चहा गार होऊ दे, आधी हे ऐका. गंगू कोळीण मुंबईहून बर्फात आलेल्या तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, सोलापूरच्या मंडईत विकायची. समुद्रातल्या शिंपल्यांना कधीकधी आपोआप विष चढतं, म्हणून म्युनिसिपालटीचे साहेब आधी विकणाऱ्याच्या घरच्यालाच खायला लावायचे. एकदा गंगूनं पेंगणाऱ्या नवऱ्याला पुढं केलं. त्यानं शिजवलेल्या तिसऱ्यांची वाटी चाटूनपुसून संपवली.

तासाभरानं घामाघूम साहेबांनी विचारलं, "ओठाला मुंग्या?"

"न्हाय."

शेजारच्या गाळ्यावरून बघताना मला कुठलं राहवतंय! मीच विचारलं, "अन् हातपाय जड?"

"व्हय की, लई!"

साहेब ओरडले, "विष! फेका पाटी!"

गंगूनं पाटीला मिठीच मारली. "सायेब, ह्यांचं हातपाय लगीन झाल्यापास्नं जडच हायती की!"

साहेब तिथंच मटकन बसले. "मग बाई, मलाही नोकरीला लागल्यापासून हेच विष चढलंय. विक तू."