सुई उडती ती जागा

न्हाय, हात लावा की, हात लावायला माझी ना न्हाय — पण कडेनं धरा, पाव्हणं. असं, दोन्ही तळव्यांच्या मधी. बोटं मधल्या रेघांवर नकोत. हां. धरलीत की बरोबर. कुणी शिकवलं? न्हाय, सहज विचारलं. आजकाल शिकवूनबी पाठवत्यात. पहिलं कसं हुतं, माणूस तबकडी धरतो कशी त्यावरनं मला कळायचं, ह्याला द्यायची का न्हाय. आता तेबी ऱ्हायलं न्हाय. बसा. तितं न्हवं, तितं ऊन येतंय — ह्या पेटीवर बसा. मोडत न्हाय, सागाची हाय, लाउडस्पीकरचं मशीन असायचं हिच्यात. माझा धंदा तोच हुता आधी, बावड्याला. लग्नं, जत्रा, बारशी. जुन्या तबकड्यांचं दुकान बारामतीत आल्यावर टाकलं. बसा निवांत. उठू नका म्हंजी झालं.

आता परत सांगा, काय पायजे म्हणालात? वाटसराचं गाणं. ‘पाणी पिऊन जा रं वाटसरा, पुन्हा कधी येशील’. हाय की. ही बघा. एकदम कोरी, कव्हराचा कोपरासुद्धा दुमडलेला न्हाय. इंदापूरच्या एका मास्तरांच्या घरातनं आली, मास्तर लई जपून वापरायचे. वाजवून दावू? नको? का बरं नको? अहो तुमी मागितली तीच की ही.

खराब झालेली पायजे.

सुई उडती ती.

बरं. चष्मा घालतो जरा. हां, आता बोला. तुमाला कुणी सांगितलं माझ्याकडं तसली हाय म्हणून? न्हाय न्हाय, ‘असंच ऐकलं’ असं नका सांगू. असंच कुणी ऐकत न्हाय. दुकानात येणारा माणूस आधी विचारतो, आबा, ओरखडा न्हाय न्हवं? उजेडाला धरतो, तिरकी करून बघतो. आन् तुमी धडकी सोडून मोडकी मागताय — मग मला वाटणारच की.

सांगतो काय वाटलं ते. मागं एकजण आला हुता असाच, तुमच्यासारखाच नीट भांग पाडलेला. आबा, वडलांना जुन्या गाण्यांची लई आवड हुती म्हणला. डोळ्यांत पाणीबिणी आणलं. मला काय, मी विरघळलो. दोन गठ्ठे दिले बांधून. म्हणला, खराब असल्या तरी चालतील. मला तवाच कळायला पायजे हुतं. पुढं एकदा गोकुळ — माझा पोरगा — मला मासे खायला घेऊन गेला हायवेवर. ताट आलं, हात धुवायला म्हणून बेसिनकडं गेलो, आन् वर बघतो तर भिंतीवर माझ्या तबकड्या! खिळे ठोकून. रांगेनं. माझ्याच, कारण प्रत्येकीच्या मधल्या कागदावर लाल ठिपका. तो ठिपका आमच्या सारजानं, गोकुळच्या आईनं, दिलेला, तिच्या नखाला लावायच्या रंगानं. तसा ठिपका द्यायलाच लागायचा आमच्या धंद्यात. मोठं लग्न असलं की नवरीकडचा लाउडस्पीकरवाला एक आन् नवऱ्याकडचा एक, दोघांच्या तबकड्या एका सतरंजीवर, मग निघताना ही तुझी का माझी म्हणून भांडणं. म्हणून आमचा लाल. तर ते लाल ठिपके भिंतीवर, आन् प्रत्येक ठिपक्याच्या शेजारी खिळा. खालून भज्याचा धूर. मी मासा तसाच ठेवला ताटात. गोकुळ म्हणतो, आबा, छान दिसतंय की, जुन्या गोष्टीला मान देत्यात लोक. मान! बेसिनच्या वर!

आता तुमीच सांगा. भिंतीला ठोकायची असंल तर कोरी कशाला लागती? खराबच पुरती. म्हणून विचारतो, हॉटेल कुठं काढलंय? भिगवणला? का इकडं बायपासला?

न्हाय? बरं, न्हाय तर न्हाय. रागावू नका. चहा सांगू का? नको म्हणताय — बघा, हेबी मला खटकतं. खरा गिऱ्हाईक चहा घेतो, इकडची तिकडची बघतो, दुसरंच काहीतरी घेऊन जातो. तुमी आलाय ते सरळ एकावर. नेम धरून आल्यासारखं.

खरं सांगा पाव्हणं. गोकुळनं पाठवलंय का?

न्हाय, ओळख न्हाय म्हणणारच तुमी. हे बघा, पोरगं वाईट न्हाय माझं. सूनबी चांगली हाय, अनिता, तिचा डबा येतो रोज दुपारी, भाकरी अजून ऊन असती. पण गोकुळच्या मनात काय हाय ते मी जाणतो. हा गाळा त्याला मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला द्यायचाय. म्हणतो, आबा, दिवसभर एकटं बसता, कुणी येतं का तरी? घरी बसा, नातवाशी खेळा. तोंडावर न्हाय म्हणत न्हाय मला, पण आडून बोलतो — आबांचा जीव त्या एका तबकडीत हाय, ती गेली की आबा आपसूक शटर ओढतील. मी ऐकलंय हे, जिन्यात उभा राहून. तर आता एखादा गोड बोलणारा माणूस पाठवायचा, ती एकच तबकडी उचलायला लावायची, की झालं. म्हातारा गप घरी. हाय का न्हाय?

आई? आता आई कुठनं आली मधी?

तुमच्या आईला पायजे. बरं. अहो, आई सगळ्यांनाच असती, त्या हॉटेलवाल्यानं वडील सांगितले हुते. कुठल्या तुमच्या आई? भवानीनगर. तुमचे वडील कारखान्यावर, बरं. आन् माहेर? कऱ्हाटी. हं. कऱ्हाटी. विसरायला झालंय म्हणता त्यांना? नातवंडांची नावं एकमेकांना लावत्यात — ते हुतं हो वयाला. आन् हे गाणं म्हणत्यात दिवसभर. मग लावा की फोनवर, फोनात सगळी गाणी असत्यात आता, माझ्यासारख्याचं दुकान त्यानंच बसलं. लावलंत? मग?

‘हे ते गाणं न्हवं’ म्हणत्यात.

फोनातलं सरळ जातं म्हणून. मधी थांबत न्हाय म्हणून.

हं.

न्हाय, काय न्हाय. पंखा बारीक करतो, कागद उडत्यात. पण पाव्हणं, ही गोष्ट सगळ्या इलाख्याला ठाऊक हुती एके काळी. बावड्यापासनं पार वरपर्यंत कुणीबी सांगंल तुमाला — सोपानच्या लाउडस्पीकरवर वाटसराचं गाणं मधीच थांबतं आन् बाईचा आवाज येतो. गोकुळलाबी ठाऊक हाय. त्यानंच सांगितलं असंल, आईचं नाव पुढं कर, आबा विरघळतील. माझ्यावर असलं चालत न्हाय आता. मी एकदा —

काय म्हणालात?

परत म्हणा.

कोंबडी. कोंबडी कुणी सांगितली तुमाला? थांबा, थांबा, उठू नका पेटीवरनं. कोंबडी मी कुणाला सांगितलेली न्हाय. गोकुळला सुद्धा न्हाय, तो तवा पाळण्यात. सांगायची काय, लाज वाटायची, धंद्याची गोष्ट. लोकांना वाटायचं तबकडीच तशी आलीय कंपनीतनं. कोंबडी फक्त मला ठाऊक, सारजाला ठाऊक, आन् त्या घरातल्या माणसांना. तांबडी हुती. हळदीच्या दिवशी कऱ्हाटीत एका पडवीत मशीन मांडलं हुतं, गाणं चालू, आन् नवरीची बारकी भावंडं त्या कोंबडीच्या मागं लागलेली. ती उडाली ती थेट फिरत्या तबकडीवर. आन् फिरायला लागली की हो! पंख पसरून, गोल! बायका हसून हसून भिंतीला टेकल्या. मी धावलो, कोंबडी उडाली, पण नखं उठली. सगळ्यात जास्त मागणी असलेलं गाणं, आन् दुसऱ्या दिवशी लग्न तितंच. दुसरी तबकडी आणायची कुठनं?

मला माईकवर बोलायचं म्हणलं की घसा बसायचा, अजूनबी. म्हणून ते काम सारजाचं — पंगत बसली, अमक्यानं अहेर केला, तमक्याचं पोरगं हरवलंय, निळा सदरा घातलाय. तेवढंच बोलायची ती माईकवर. तर लग्नाच्या दिवशी नवरीच्या बापानं नेमकं तेच गाणं सांगितलं. लावलं. ‘पाणी पिऊन जा रं वाटसरा’ — आन् सुई उडाली. सरळ ‘येशील’वर. मधलं गायब. बाप वळून बघायला लागला. दुसरं कडवं आलं, मी डोळे मिटले. सुई त्या जागी आली, आन् सारजानं माईक तोंडाशी नेला आन् मधला तुकडा आपला म्हणून टाकला — ‘पुन्हा कधी?’ गाऊन न्हाय हो. विचारल्यासारखं. दारात उभं राहून कुणाला विचारावं तसं. शेवटाला जरा वर नेऊन. आन् पुढं तबकडीतली बाई ‘येशील’ म्हणून चालू. असं बसलं ते! मांडवातले सगळे वळले. मग म्हणले, परत लावा.

मग काय, सगळीकडं तेच. दुसरे लाउडस्पीकरवाले चांगली तबकडी लावायचे, तर लोक म्हणायचे, तुझी बिघडलीय रं, त्यात बाई बोलत न्हाय. लई हसायचो आमी. धंदा बंद झाला तरी घरी लावायचो, सकाळी. ती आत मेथी निवडत बसलेली असायची. बरोबर त्या जागी, हातातली जुडी खाली न ठेवता, आतनं — ‘पुन्हा कधी?’ कधी चुकली न्हाय. दुखण्यातसुद्धा. माझ्याशी बोलायला दम लागायचा तिला, पण तेवढं म्हणायची.

आता न्हाय लावत. मागल्याच्या मागल्या वर्षी, उसाचं गाळप चालू असताना गेली ती. कार्य झाल्यावर एकदा लावली मी. सुई तितं आली आन् उडाली. काय न्हाय मधी. मी आपला आतल्या दाराकडं बघतोय. मग बंद केली, पुसली, ठेवून दिली.

गोकुळच्या फोनात किती लग्नांचे व्हिडिओ हायत. सगळ्यांत ती दिसती — वाढताना, कुणाचं पोर घेतलेलं, माझ्याकडं हात करताना. पण आवाज सगळीकडं बँडचा. ओठ हलत्यात नुसते. एवढ्या तबकड्या हायत ह्या दुकानात, कुणाकुणाचे आवाज हायत, मेलेल्यांचे, जित्यांचे — आन् हिचा न्हाय. फक्त ती जागा हाय. श्वास घ्यायला पुरंल एवढीशी. आन् तुमी ती मागायला आलात. कशी देऊ?

न्हाय, हे कशाला बोललो मी तुमाला. विसरा.

बरं, तर तुमची आई त्या घरातली. धाकटी बहीण का नवरीची? नवरीच? अहो मग नाव सांगा की — बानूबाई? असंल, मला नवरीचं नाव कुठनं आठवणार, मी मशीनकडं बघणारा माणूस. पण कोंबडी खरी हाय. कोंबडी खोटी सांगता येत न्हाय.

असं करू. विकायची न्हाय, ते डोक्यातनं काढा. एकदा लावतो. ऐका, आईंना जाऊन सांगा, अजून हाय म्हणून, आन् जावा. उठा आता. उठा म्हणतो, तुमी बसलाय त्याच पेटीत हाय ती. हसताय काय? माझ्या दुकानात सगळ्यात भरवशाची जागा तीच, गिऱ्हाईकाच्या बुडाखाली कुणी शोधत न्हाय. आन् तो फोन आधी खाली ठेवा. रेकॉर्डिंग करायचं न्हाय. लोक करत्यात गुपचूप आन् टाकत्यात कुठंतरी. हितं टेबलावर, मला दिसंल असा. पालथा का ठेवलात? बरं, राहू द्या पालथा.

आता बोलू नका. आधी जरा खरखर हुईल, ती हुतीच. हां, बाजाची पेटी वाजली. ढोलकी. आता बाई येती, लांबनं आल्यासारखा आवाज हाय, व्हय का न्हाय? आता थांबा. आता ती जागा येती. मी तिकडं बघत न्हाय. तुमीबी बघू नका —

कोण बोललं?

कोण बोललं आत्ता? तुमी? तुमचं तोंड तर मिटलेलं. बाईचा आवाज — ‘पुन्हा कधी’, आन् शेवटाला वर नेऊन, तसंच — कुठनं आलं? फोनातनं? फोन चालू हाय? कवाधरनं चालू हाय हा? म्हंजी मी एवढं बोललो, ते मेथीचं, ते सगळं — तिकडं तुमच्या आई ऐकत हुत्या? फसवलंत की मला, पाव्हणं. मला तुमी आलात तवाच वाटलं, हा माणूस सरळ न्हाय.

थांबा. बंद नका करू.

हात काढा फोनवरनं. दुसरं कडवं यायचंय.

तुमी भाईर जावा. चहा घ्या समोर, माझं नाव सांगा. जाताना शटर निम्मं खाली ओढा, गाड्यांचा आवाज येतो. फोन? फोन राहू द्या हितं, खातोय का मी त्याला?

बाई, हाय का तितं? मी सोपान, लाउडस्पीकरवाला. दम लागला का? बरं, बरं, बसा सावकाश. सुई मी परत पहिल्यापासनं ठेवतो. तुमी आपलं तुमच्या जागेला म्हणा.

तुमी अजून हितंच? जावा म्हणलं न्हवं.