सारिकाची हैदराबादची फाईट

आमच्या घरी आता बॉक्सिंगचं नाव कोणी काढत नाही. काऊन, ते सांगतो.

माही लहान बहीण सारिका, इथं आमच्या बेला गावातच वाढलेली, हैदराबादले व्यावसायिक फाईट खेळाले गेली होती. मी संगं होतो. समोरची पोरगी आयोजकाच्याच क्लबातली. शेवटच्या राउंडमधी सारिकाचा उजवा हात असा बसला का ती पोरगी आडवीच झाली. उठली, पण तिचे पाय थरथरून राह्यले होते. आमाले वाटलं, जिंकलो.

तीन जज होते. त्यातल्या दोघांनी त्या पोरीले जास्त गुण देल्ले. रेफरीनं तिचा हात वर केला, तं तिलेच खरं वाटंना. सारिकाकडं पाहाची तिची हिंमत होत नव्हती.

त्या दोघांतल्या एका जजले मी बाहेर गाठलं. म्हटलं, "साब, वो लडकी गिरी थी. आपको दिखा नहीं क्या?"

तो शांतपणे म्हणाला, "दिखा. तुम्हारी बहन ही जीती थी. लेकिन अगली बार मुझे बुलाने वाले तो यही लोग हैं."

परतीच्या बसमधी सारिका काचेले डोकं टेकून बसली होती. तिले बरं वाटावं म्हणून मी सारं सांगून टाकलं. म्हटलं, "तू हरली नाही. जज सोता बोलला."

तिनं काचेवरचं डोकं उचललं. मंग म्हणाली, "दादा, खरंच हरली असती तं अजून मेहनत केली असती. आता काय करू, ते सांग."