नवसाबाईच्या अकरा बरण्या

— नाही, नाही, लतिकाबाई, आधी बसा, उभ्याउभ्या बोलायची ही गोष्ट नाही. टांगेवाल्याला सांगितलंय मी, थांबेल तो. तर तुम्ही म्हणता, पिंपळदऱ्याला तुमच्या वर्गात घातलेल्या लोणच्याच्या अकराच्या अकरा बरण्या तीन आठवड्यांत गेल्या — वर बुरशी, फोडी बुळबुळीत — आणि खापर फुटलं नवसाबाईच्या डोक्यावर. का, तर वर्ग तिच्या ओसरीवर भरला आणि त्या दिवशी ती बाहेरची होती. आणि हे तिनंच कबूल केलं? तिलाही तसंच वाटतं? काय म्हणावं. माझी जैतुनबी महिन्याचे तीसही दिवस बरणीत हात घालते, आमच्यात ते बघत नाहीत, आणि आमचं लिंबाचं लोणचं सात वर्षांचं आहे, माझ्या धाकट्यापेक्षा मोठं — पण हे मी गावात बोललो तर म्हणतील, हनीफशेठ, तुमचं तुमच्यात ठेवा.

हुशार पोरगी हो नवसाबाई. तुम्ही सांगितलंत, मोरीचं पाणी वाया घालवू नका. हिनं फुटक्या काठाची मडकी वेलांशेजारी गळ्यापर्यंत पुरली, भांडी घासलेलं पाणी त्यात ओतायची, ते झिरपत झिरपत मुळांना — भर वैशाखात दुधी हिरवागार. येवल्याच्या बाजारापर्यंत सांगत फिरलो मी. आणि सासूनं, साळूबाईनं, ते वेलही उपटले म्हणता? मडकीसुद्धा फोडली? हं. पोरगी बापाकडे, झिपरूच्या झोपडीत, अन्न शिवत नाही, आणि इकडे शुक्रवारी नवऱ्याची दुसरीकडे सुपारी फुटणार. आज बुधवार.

मग तुम्ही सांगा ना त्यांना — हवा. हवा दमट होती म्हणावं. हवेला कोण घराबाहेर काढणार? किंवा कैऱ्या पाडाला आलेल्या होत्या म्हणा. मीठ? मिठाचं काय — मीठ नेहमीचंच, पनवेलकडचं. मालगाडीचा डबा इगतपुरीला चार दिवस अडकला, वळवानं झोडपला, ताडपत्री फाटकी, एवढंच. पण भिजलं म्हणून मीठ नासतं का? नासत नाही बाई, जड होतं. काट्यावर शेराला शेरच भरतं. आता त्या शेरात मीठ किती आणि पाणी किती, हे —

पाणी घ्या थोडं. असं बघू नका माझ्याकडे. मी शाळा पाहिलेली नाही, जे शिकलो ते पोत्यांवर बसून. आमचे सलाउद्दीनचाचा डोळे मिटून मूठ भरायचे आणि मीठ कुठल्या मिठागरातलं ते सांगायचे. आणि गावच्या म्हाताऱ्या तरी काय करायच्या? मूठमूठ टाकायच्या, खार चाखायच्या, जिभेला कमी लागलं की अजून एक मूठ. तुम्ही त्यांना काटा दिलात — सहा शेर फोडींना एक शेर मीठ, अंदाज नको, वजन करा. चांगलंच शिकवलंत, मी कुठे नाही म्हणतो. पण मग काटा बोलला त्यावर कुणी जीभ लावली नाही. बोट बुडवून पाहिलं नाही कुणी. म्हणजे — एकीनं पाहिलं.

तुम्ही आत खडे मसाले निवडत होतात, मी ओसरीवर माझं पोतं उघडून मीठ तोलून देत होतो. नवसाबाईनं मूठ भरली, दाबली. गोळा झाला, मोडेना. म्हणाली, ‘शेठ, मीठ लय वल्लं लागतंय, जास्ती घ्यावं लागंल.’ दहा जणी ऐकत होत्या. आणि मी हसून — मी नेहमी हसूनच बोलतो, तुम्हाला ठाऊक आहे — म्हणालो, ‘नवसे, बाईंनी काय शिकवलंय? हात खोटं बोलतो, काटा नाही.’ सगळ्या हसल्या. तीही हसली. मीठ खाली ठेवलं तिनं.

ठाऊक होतं मला. पोतं उचलतानाच ठाऊक होतं. चार वर्षांमागे लोकांनी चिमूटभर मिठापायी लाठ्या खाल्ल्या, आणि मला अकरा बायांसमोर ‘हो, ओलं आहे’ एवढं म्हणवेना. चाळीस वर्षांत हनीफच्या मालाला कुणी नाव ठेवलेलं नाही — एक पोरगी ठेवणार?

मी? मी यायचं? आत्ता, या टांग्यातून? अहो, दुकान कोण बघेल — आणि मी तिथे उभा राहून असं बोललो तर त्या बाया तुमच्याही वर्गाला यायच्या नाहीत, तुमच्याच भल्याचं सांगतोय. चिठ्ठी देऊ? नको, चिठ्ठी नको, चिठ्ठी राहते. तुम्हीच सांगाल? सांगा. सांगा की. पण मला विचारायला आले, तर मी म्हणेन, प्रमाण बाईंचं होतं, मी फक्त तोललं.

…असं म्हणेन मी. खरंच म्हणेन. आत्ता बोलता बोलता कळलं मला.

त्या पोरीला म्हणावं, थोडं खाऊन घे. माझं नाव न घेता म्हणा. पुसा डोळे, गिऱ्हाईक येतंय — या चतुराबाई, या, काय देऊ? मीठ? किती, दोन शेर? शेवटच्या कैऱ्या घालताय वाटतं.

…

देतो ना, नेहमीचंच, पनवेलकडचं. धरा पिशवी.

लतिकाबाई, तुमचा टांगा खोळंबलाय. जरा बाजूला व्हा, काटा दिसू द्या त्यांना.