तळाशी उरलेलं तेल

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात, नाशिकच्या बसस्टँडवर हरसूलच्या गाडीची वाट बघत गांगुर्डेबाई बसल्या होत्या. शेजारी एक आई आणि गोव्यात समुद्राचा अभ्यास करणारी, सुट्टीला आलेली तिची लेक बोलत होत्या.

"जहाजावर नको जाऊ, रोशनी. तुला बुडायला धाडू का मी?"

"मोठं जहाज असतं गं आई. आम्ही समुद्राच्या तळाचा चिखल वर काढणार."

"चिखल काय आपल्या खाचरात नाय?"

"त्या चिखलात शेवाळाचं तेल असतं. डोळ्यांना दिसणार नाही इतकं बारीक शेवाळ."

"त्या तेलाचं काय करायचं?"

"पाणी गार झालं की शेवाळाच्या अंगातल्या तेलाची घडण बदलते. गरम झालं की पुन्हा वेगळी. शेवाळ मरून तळाशी जातं, पण तेल हजारो वर्षं टिकतं. ते तपासलं की तेव्हा समुद्र किती गरम होता ते कळतं."

"तेव्हा म्हंजी कधी?"

"आपल्या डोंगरात कुणी भात लावायलाही लागलं नव्हतं, तेव्हा."



"आन हे तुला वाचता येतं?"

"शिकतेय. जहाजावर गेले तर नीट येईल."

"मग जा. तुझ्या बापाला मी सांगते. तू सांगशील तर तो बुडण्याचंच धरून बसंल. त्या शेवाळाला नाव हाय का?"

"एमिलियानिया."

"सावकाश म्हण."

"एमिलियानिया."

हरसूलची गाडी लागली. पायरी चढताना आई पुटपुटत होती, "एमिलि... एमिलियानि..."

मागून चढणाऱ्या गांगुर्डेबाईंना राहवलं नाही. त्यांनी हळूच शेवटचं अक्षर जोडलं, "...या."