पिठाच्या कोठीत कोण होतं

हमीदाभाभी, राहात्याच्या मंडळींनो, लांबून आलेल्या पाहुण्यांनो, मला भाषण जमत नाही. आयुष्यभर कपडे धुतले, इस्त्री केली. पण शब्बीरभाई गेले, त्यांच्याबद्दल आज नाही बोललो, तर कधी बोलणार?

लग्नात बिर्याणी करणारे आचारी म्हणून तुम्ही त्यांना ओळखता. त्याआधी ते परदेशात, एका राष्ट्राध्यक्षांच्या बंगल्यावर आचारी होते. मीही नेवाशाहून तिथंच गेलो, धुलाईच्या कामाला. देशाचं नाव घेत नाही. आपली माणसं अजून तिथं आहेत.

त्या बंगल्यात आम्ही दोन अध्यक्ष पाहिले. पहिल्याला त्याच्याच पहारेकऱ्यांनी जिन्यात गोळ्या घातल्या. जिना आम्हीच धुतला. दुसऱ्या दिवशी नवा अध्यक्ष आला आणि भाईंनी त्याचा नाश्ता केला. मी म्हणालो, "भाई, कसं जमतं तुम्हाला?" म्हणाले, "भुकेलं मानूस हाय. खाऊ घालायचं."

या नव्या अध्यक्षांची म्हातारी आई रोज स्वयंपाकघरात येऊन बसायची. तिची भाषा भाईंना धड येत नव्हती. दोघं मुकाट वाटाणे सोलायचे.

मग एका सकाळी पुन्हा शिपाई घुसले. वर गोळीबार सुरू झाला. म्हातारी अनवाणी खाली आली. भाईंनी तिला पिठाच्या कोठीत, पोत्यांमागं बसवलं. मी दारात होतो. मी पाहिलं.

पाच शिपाई आत आले. आमचा वाढपी पळाला, त्याला तिथंच गोळी घातली. बंदूक माझ्या छातीला लावली. "म्हातारी कुठंय?" मी तोंड उघडलं. भाभी, मी सांगणार होतो. हे आज पहिल्यांदा बोलतोय.

भाई मध्ये आले. तिथल्या मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाले, "तो धोबी आहे. स्वयंपाकघर माझं आहे. मला विचारा."

त्यांनी विचारलं. भाईंचा उजवा हात ओट्यावर दाबला आणि बंदुकीच्या दस्त्यानं बोट ठेचलं. "ठाऊक नाही." दुसरं बोट. "ठाऊक नाही." तिसऱ्याला भाई ओरडले, पण शब्द तेच. तेवढ्यात वरून हाक आली, अध्यक्ष सापडला. शिपाई धावले.

म्हातारीला मी मळक्या चादरींच्या गाडीत घालून मागच्या फाटकातून काढलं. चादरींवर रक्त होतं, म्हणून पहारेकऱ्यानं हात घातला नाही. तिचा मुलगा मारला गेला. ती बहिणीकडं पोहोचली, एवढं नंतर कळलं.

गावी आल्यावर भाईंनी सांगितलं, कणीक मळायच्या मशिनमध्ये बोटं गेली. मी विचारलं, "भाई, खरं का सांगत नाही?"

म्हणाले, "खरं सांगितलं तर तुझंबी सांगावं लागंल. ऱ्हाऊ दे."

इतकी वर्षं मी ऱ्हाऊ दिलं. भाभी, तुम्ही दोन हातांनी त्यांची बिर्याणीची डेग उचललीत, आणि त्यांची बोटं कशी गेली हे तुम्हालाच ठाऊक नव्हतं. मला माफ करता आलं तर करा.

आता उभं राहू या. गुडघे दुखत असतील त्यांनी बसूनच राहावं. थोडा वेळ कुणी काही बोलू नका.