लोर्नाचं पिवळं दार

...म्हणजे दार माझं, ब्रश माझा, आणि परवानगी कोणाची? तर घरमालकांच्या असोसिएशनची! तुम्हाला सांगतो, आमच्या ह्या टेक्सासात माणूस कमरेला बंदूक लावून किराणा आणायला गेला तरी कोणी हूं की चूं करत नाही, पण घराचं दार पिवळं करायचं म्हटलं की...

आता मला काय हौस आलीय? माझ्या बायकोची, लोर्नाची, नजर अधू होत चाललीय, आणि आमच्या वसाहतीत सगळी घरं सारखी, सगळी दारं मातकट. एकदा फिरून आली ती थेट शेजारच्या इबाराच्या स्वयंपाकघरात, कॉफी चढवली, आणि त्यालाच मी समजून म्हणते, "वेंडल, बारीक झालास रे!" हसलो आम्ही, पण त्यानंतर तिनं घराबाहेर पाऊलच टाकलं नाही. नुसती खिडकीशी बसून राहायची. बघवेना हो मला. म्हटलं, दार पिवळं केलं तर लांबूनच दिसेल तिला.

तर असोसिएशनची अध्यक्षीण डोरीन चष्मा पुसत म्हणते, "वेंडल, अट माणसाला नसते, जमिनीला चिकटलेली असते." अगं, पण मी कुठं कबूल केली? "घर घेतलंस तेव्हाच. पहिल्या बिल्डरनं खरेदीखतात मातकट लिहिलं, तो गेला, अट राहिली." आणि मी मेलो तर? "तरी चिकटलेलीच."

बदलायची तर? दोन तृतीयांश घरमालकांची मतं! आणि सभेला येतं कोण? डोरीन, तिचं कुत्रं, आणि फुकटच्या डोनटसाठी मी. मग काय, उन्हातान्हात दारोदार हिंडलो. वाटलं, लोक हाकलून देतील. तर एक म्हातारा कानात सांगतो, "मीपण एकदा शेजारणीकडे शिरलो होतो रे चुकून. बायकोला अजून पटलेलं नाही." घरोघरी हीच कथा! धडाधड सह्या. शेवटी एक कमी पडली, तर डोरीनच म्हणाली, "आण इकडं. मीपण भलत्याच कुलपात किल्ली फिरवत बसते." जमिनीला चिकटलेली अट, पण निघाली!

दार केलं पिवळंधमक. लोर्ना एकटी फिरून आली, थेट आमच्याच घरी. लोकांना इतकं कौतुक, की इबारानं पिवळं केलं, डोरीननं केलं, बघता बघता अख्ख्या गल्लीला हळद लागली. "लोर्नासाठी केलं हो," म्हणतात. आता ह्यांच्यावर चिडणार तरी कसं?

गुपचूप ब्रश घेतला आणि आमचं दार परत मातकट केलं. लोर्ना येते बरोबर घरी... आणि वसाहतीत जुना नियम पाळणारा आता मी एकटाच.