पाचशे पानांची घोषणा

...आणि वर मलाच विचारतात, 'कादंबरी कुठवर आली?' अहो, कादंबरी म्हणजे काय झेलम एक्सप्रेस आहे, कुठवर आली सांगायला? तुम्हाला सांगतो, माणसानं झेपेल तेवढंच बोलावं!

झालं काय, शहाण्णवच्या मार्चमध्ये दिल्लीच्या सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही गाझियाबादला स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो. स्वतःचा फ्लॅट! अंगात वारंच शिरलं. मराठी मंडळाच्या मीटिंगमध्ये बोलून गेलो, 'गणपतीपर्यंत पाचशे पानांची कादंबरी लिहितो!' आमचे अध्यक्ष हणमंतराव लगेच, 'बिल्कुल! प्रकाशन आपल्याच स्टेजवर!' आणि छापलं की हो उत्सवाच्या पत्रिकेत!

घरी कुमुदिनी, म्हणजे आमची ही, मेथी निवडत शांतपणे म्हणते, 'रोज तीन पानं होतात. तुमच्या अक्कांना साधं पत्र लिहायला तुम्हाला आठवडा लागतो.' झेपेल तेवढंच बोलावं, ते असं!

पहिल्या महिन्यात पानं किती? चार! त्यातलं एक नुसतं अर्पणपत्रिकेचं! शेवटी हीच म्हणाली, 'ऑफिसच्या चार्टर्ड बसमध्ये बसायला मिळतं ना? जाताना अर्धं पान, येताना अर्धं. जास्त नाही.' लागलो लिहायला. शेजारच्या सीटवरचे भल्लासाहेब डोकावून, 'यार, बीवी को रोज़ चिट्ठी?' घरी आलो की दारातच ही, 'आज किती?' 'एक.' 'या, चहा टाकते.'

गणपती आले तेव्हा झाली होती एक्क्याण्णव पानं. स्टेजवर हार, कॅमेरा, सगळं तयार... आणि पुस्तक नाही! माइक धरला. म्हटलं, 'मंडळी, पाचशे बोललो, ते चुकलं. एक्क्याण्णव झालीत. दोन वाचतो.'

वाचलं. दिल्लीतला पहिलाच हिवाळा, नवी नवरी, बर्फासारख्या पाण्यात भांडी घासता घासता रडते, आणि नवऱ्याला सांगते, 'काही नाही, कांदा चिरत होते...' तिसऱ्या रांगेत कुमुदिनीनं पदर डोळ्यांना लावला. वीस वर्षं झाली होती त्या हिवाळ्याला. मला तेव्हा सगळं दिसलं होतं, हे तिला त्या दिवशी कळलं हो...

मला वाटलं, सुटलो! तेवढ्यात हणमंतरावांनी माइक ओढला, 'वा! पुढल्या वर्षी याच स्टेजवर, भाग दुसरा!' अहो, पहिलाच अपुरा आहे! पण ऐकतंय कोण? हॉलभर टाळ्या... आणि सगळ्यांत जोरात कोणाच्या? आमच्या हिच्या!